शुक्रवारी राहिलेलं नाव

प्रिय ताई,

'प्रिय' लिहून पाच मिनिटं नुसती बसून होते. खोडून टाकावंसं वाटलं, पण पत्र कसं सुरू करायचं हे तूच मला शिकवलंस आणि लहानपणी लागलेलं वळण सहजी जात नाही. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू तुझा तो शांत आवाज काढणार, अगं आधी ऐकून तर घे म्हणणार, आणि दहाव्या मिनिटाला मीच तुझी माफी मागत असणार. आपल्या दोघींमध्ये आजवर हेच होत आलंय. म्हणून लिहितेय. इथे तुला मधेच बोलता येणार नाही.

मंगळवारी चौकशी समितीपुढे तू जे बोललीस ते मी ऐकलं. तुझ्यानंतर माझी पाळी होती, त्यामुळे दाराबाहेरच्या बाकावर बसले होते आणि दार नुसतं लोटलेलं होतं. तू म्हणालीस, माझ्या वेळी हा सगळा एका तासाचा खेळ असायचा. शिक्षा वगैरे काही नाही. मुलांना त्रास होईल असं काही केल्याचं मला तरी आठवत नाही. मग म्हणालीस, माझी बहीण मनानं फार चांगली आहे हो, पण पहिल्यापासून अतिउत्साही. त्यावर समितीतले ते दाढीवाले गृहस्थ हसले. तू म्हणालीसही असं गोड की मी आत असते तर मीही हसले असते. बाहेर मात्र माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बावीस वर्षं जो धडा डोक्यावर घेऊन नाचलीस, ज्याच्यासाठी पुढच्या महिन्यात तुझा सत्कार आहे, ज्याची पुस्तिका छापायला गेलीय, त्याच्यावरून हात असे झटकलेस जसा काही तो मीच कुठून तरी उकरून आणला.

आठवत नाही म्हणालीस ना? मग मी आठवण करून देते.

नववीला ती कादंबरी तूच लावलीस. नाझींच्या छळछावणीतली ती दोघं. स्वैपाकघरात बटाटे सोलणारी मुलगी आणि बराकींच्या फळ्या ठोकणारा सुतार. छावणीच्या दारात नाव काढून घेतात आणि आकडा देतात. सुतार रोज सकाळी खांद्यावर फळ्या घेऊन स्वैपाकघराच्या मागच्या दारावरून जातो आणि जाता जाता, ओठ फारसे न हलवता, तिचं नाव घेतो. दीड वर्ष त्यांचं प्रेम म्हणजे एवढंच. शेवटी दोघं जगतात, बाकी त्यांचं कुणीच जगत नाही. तू वर्गात सांगायचीस, पोरांनो, तिला चोरून खाल्लेल्या बटाट्याच्या सालींनी जगवलं नाही, तिला नावानं जगवलं. पोरी रडायच्या. मला ते वाक्य तेव्हाही गुळगुळीत वाटायचं, ताई. ज्यांचं नाव घेणारं कुणीतरी होतं अशी लाखो माणसं त्या छावण्यांमध्ये मेलीच की. आयांच्या तोंडी मुलांची नावं होती आणि मुलं मेली. पण मी कधी बोलले नाही. तुझा तास बघायला बाहेरगावचे शिक्षक यायचे, आणि मी कोण तर शेजारच्या तुकडीला व्याकरण शिकवणारी तुझी धाकटी बहीण.

'आकड्यांचा आठवडा' ही तुझीच कल्पना. सोमवारी प्रत्येकाच्या सदऱ्यावर आकड्याची पट्टी लावायची. आकडा म्हणजे हजेरी क्रमांकच, वेगळा शोधायचा नाही. आठवडाभर कुणी कुणाला नावानं हाक मारायची नाही, शिक्षकांनीसुद्धा. चुकून नाव घेतलं तर तास संपेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. (शिक्षा वगैरे काही नाही, नाही का?) आणि शुक्रवारी शेवटच्या तासाला पाहुण्यांच्या देखत एकेकाचं नाव मोठ्यानं उच्चारून त्याला परत करायचं. त्यानं उठून हजर म्हणायचं आणि पट्टी काढून टाकायची. निवृत्त होताना हे सगळं तू मला हिरव्या फाइलमध्ये घालून दिलंस, तुझ्या अक्षरात, लाल शाईनं अधोरेखित केलेलं. तीन नंबरच्या पानावर भिंतीची शिक्षा आहे. सात नंबरच्या पानावर असंही आहे की पाहुण्यांना पुढे बसवू नये, खिडकीशी बसवावं, म्हणजे मुलांचे चेहरे दिसतात. इतका बारीक विचार करणारी बाई मंगळवारी म्हणते, एका तासाचा खेळ.

एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे, तीही सांगून टाकते, नाहीतर म्हणशील हिनं सोयीचं तेवढंच काढलं. फाइलमध्ये तू लिहिलंयस की नावं चेहऱ्याकडे बघून द्यावीत, कागदावरून वाचू नयेत. मी हजेरीचा कॅटलॉग हातात घेतला. चाळीस-एक्केचाळीस नावं, खिडकीशी मोठ्या बाई, फोटो काढणारा, आणि त्यांच्या शेजारी तू. कुणाचं तरी नाव ऐनवेळी आठवलं नाही तर तुझ्यासमोर हसं होईल या भीतीनं घेतला. ही चूक माझी, ती मी कुणावर ढकलत नाहीये.

आता त्या मुलीबद्दल. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. तिच्या आईनं बजावलंय की माझ्या मुलीचं नाव आता तुमच्या कुठल्याही कागदावर नको. त्यांची वस्ती पाडली म्हणून ते लोक इकडे राहायला आले, आणि तुझा तो आठवडा सुरू व्हायच्या जेमतेम आठ दिवस आधी ती वर्गात आली. शेवटचा बाक, शेवटचा क्रमांक. कॅटलॉगवर चाळीसच नावं छापलेली. तिचं नाव एका चिठ्ठीवर लिहून मी शेवटच्या पानाला टाचणी लावून ठेवलं होतं, आणि ती चिठ्ठी त्या आठवड्यात कचेरीनं नोंद करायला नेली होती. मुलांना तिचं नाव अजून नीट तोंडात बसलेलंही नव्हतं. शुक्रवारी मी पहिल्यापासून चाळिसाव्यापर्यंत नावं वाचली. तू पाहिलंसच, काय रडली पोरं. एकमेकांच्या गळ्यात पडली. घंटा झाली. चाळीस जणांनी पट्ट्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या आणि एका मुलीकडे तिची तशीच राहिली.

पुढे काय होणार ते तुझ्या फाइलमध्ये नव्हतं. मुलांनी तिला एक्केचाळीस म्हणायला सुरुवात केली. म्हणजे बंदच केलं नाही असं म्हण. वाईट मनानं नाही गं, दुष्ट नाहीत आपली पोरं. एक्केचाळीस, खोडरबर दे. एक्केचाळीस, जरा सरक. हजेरी आपल्याकडे वर्षानुवर्षं क्रमांकानंच होते, त्यामुळे मीही रोज सकाळी एक्केचाळीस म्हणत होते आणि ती हजर म्हणत होती. अडीच महिने. सहामाहीआधीच्या चाचणीत तिनं पेपरवर नावाच्या रकान्यात आकडाच लिहिला. आणि मी, तुझी मनानं चांगली बहीण, तो पेपर तपासला, त्याच्यावर चौदा गुण लिहिले आणि गठ्ठ्यात ठेवून दिला. कोणाचा पेपर ते मला कळत होतं ना, मग अडलं कुठे?

त्यानंतर ती यायची बंद झाली. अकराव्या दिवशी मधल्या सुट्टीत तिची आई शिक्षकखोलीत आली. लाँड्रीत इस्त्री करते. उजव्या मनगटावर भाजल्याचे डाग, जुने आणि नवे. खुर्ची दिली तर बसली नाही. म्हणाली, बाई, एक विचारायचं होतं, एक्केचाळीस म्हणजे काय असतं? मी समजावून सांगायला लागले. कादंबरी, छावणी, सुतार, नावाचं महत्त्व. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, घरात मी हाक मारते तर ती वळून बघत नाही. आधी वाटलं कानाचं काही झालं. दवाखान्यात नेलं, कान चांगले आहेत म्हणाले. परवा तिच्या वहीत बघितलं, पानंच्या पानं हा आकडा. मी म्हटलं शाळेत जाऊन विचारावं, हा काही अभ्यास आहे का. एवढं बोलून ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. गणिताच्या सरांनी कप खाली ठेवला, त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. 

समितीनं मला तीन प्रश्न विचारले. तिसरा असा होता की शुक्रवारी हिचं नाव राहिलं हे तुमच्या लक्षात आलं होतं का. मी म्हणाले, नाही, कॅटलॉगमध्ये होतं तेच मी वाचलं. हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मी ते ओळखलं. तुला कळलंच असेल का. कादंबरीत तो छावणीचा कारकून आहे ना, रोज सकाळी यादी वाचणारा. युद्धानंतरच्या खटल्यात त्याला विचारतात तेव्हा तो म्हणतो, यादीत होतं तेच मी वाचलं. दरवर्षी आपण त्याच्यावर पाच गुणांचा प्रश्न काढतो, कारकुनाचा दोष कितपत, उदाहरण देऊन लिहा. मी काही कारकून नाही आणि शाळा म्हणजे छावणी नाही, तेवढी अक्कल मला आहे. तिथे माणसं जाळली, इथे एका पोरीचं नाव राहिलं. दोन्ही एका तराजूत टाकणाऱ्यांचा मलाही संताप येतो. पण वाक्य तेच होतं, ताई, शब्दाला शब्द.

हिरवी फाइल त्या वेळी माझ्या पिशवीत होती. काढून टेबलावर ठेवली असती तर तुझा एका तासाचा खेळ तिथल्या तिथे उघडा पडला असता. नाही काढली. घरी येताना मी स्वतःला सांगत होते की ताईची लाज राखली. संसार मोडून दोन पिशव्या घेऊन तुझ्या दारात उभी राहिले तेव्हा एक प्रश्न न विचारता तू मला पाठीमागची खोली दिलीस. भाऊजींना सांगितलंस की ही इथेच राहणार, विषय संपला. या शाळेत मला लावलीस ती तूच. हे मी विसरलेले नाही आणि त्याचंच तर मला ओझं होतं. बाबांचं भिंतीवरचं घड्याळ फुटलं तेव्हाही तू अशीच शांतपणे म्हणाली होतीस, मी तर घरातच नव्हते. मार मी खाल्ला. संध्याकाळी तू माझे केस विंचरून दिलेस, आणि मला वाटलं फिटलं सगळं. हल्ली मी आरशात बघते तेव्हा वाटतं की तुझ्या त्या विंचरण्यानं मी अगदी वाया गेले.

आज दुपारपासून सहामाहीचे पेपर तपासतेय. माझ्या वर्गातली ती 'वकीलबाई' तुला त्या शुक्रवारची आठवत असेल, पहिल्या बाकावरची पोर, शिक्षकांच्या प्रत्येक वाक्याला पण लावणारी. कारकुनाच्या प्रश्नाला तिनं दीड पान लिहिलंय. पहिला परिच्छेद पुस्तकातला आणि सरळ. मग लिहिते: उदाहरण. आमच्या वर्गातल्या एका मुलीचं नाव शुक्रवारी वाचायचं राहिलं. मला ते सोमवारी कळलं. मी बाईंना सांगणार होते, पण मला वाटलं बाईंना माहीत असेल, त्या मोठ्या आहेत. मग मीपण तिला एक्केचाळीस म्हणायला लागले कारण सगळे म्हणत होते. म्हणून कारकुनाचा दोष आहे, माझाही आहे, पण बाईंचा जास्त आहे, कारण यादी बाईंच्या हातात होती. खाली तिनं प्रश्नाच्या गुणांपुढे कंस करून लिहिलंय, कमी दिले तरी चालतील.

मी पाचपैकी पाच दिले आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून ओरडले. चौदा वर्षांच्या पोरीला जे दीड पानात लिहिता आलं ते आपल्याला, दोघींची मिळून एकावन्न वर्षं शिकवून, समितीपुढे तोंडातून काढता आलं नाही.

समितीचा निर्णय काल आला. तुला त्याची प्रत मिळाली असेल, तरीही सांगते, कारण त्यातली भाषा वाचण्यासारखी आहे. कुणाचाही हेतुपुरस्सर दोष आढळत नाही. सदर विद्यार्थिनी हळव्या स्वभावाची असून ऐतिहासिक विषयाचा आशय समजण्यात तिला अडचण आली. तिच्या हितासाठी तिला अन्य शाळेत प्रवेश घेण्यास सुचवावे. म्हणजे काढून टाका. वस्तीतून काढलं, आता शाळेतून. शाळा सोडल्याचा दाखला तयार आहे, मी कचेरीत पाहून आले. त्याच्यावर मात्र तिचं नाव पूर्ण आहे, आईवडिलांसकट, एकही अक्षर न चुकता. उद्या दहा वाजता तिची आई सही करायला येणार आहे. पोरीला दुसऱ्या शाळेत जायचं नाहीये, आईनं मला सांगितलं. तिला इथेच बसायचंय, त्याच बाकावर. आई म्हणते, आम्ही का जायचं? ताई, त्या निर्णयाला आधार कशाचा आहे तर तुझ्या जबानीचा आणि माझ्या जबानीचा.

म्हणून आता ते लिहिते जे आपण दोघीही इतके महिने बोललो नाही. मी पाहिलं होतं. चाळिसावं नाव वाचून मी मान वर केली तेव्हा ती बाकावर हात टेकून अर्धवट उठलेली होती आणि माझ्याकडे बघत होती. तिचं नाव मला येत होतं, ओठांवर होतं. पण सगळा वर्ग रडत होता, मोठ्या बाई डोळे पुसत होत्या, फोटो काढणारा पुढे सरकला होता, आणि मला वाटलं आता हिचं नाव घेतलं तर सगळ्यांना परत गप्प करावं लागेल, कॅटलॉग बघावा लागेल, झालेल्या रंगाचा बेरंग होईल. ती थोडा वेळ तशीच राहिली आणि मग खाली बसली. बाहेर व्हरांड्यात तू माझं कोपर धरलंस. म्हणालीस, एक राहिली ना गं, ती मागची? मी म्हणाले, सोमवारी घेते. तू म्हणालीस, हो, घे सोमवारी, आत्ता कशाला, किती सुंदर झालं. सोमवारी तिला एकटीला उभं करून नाव घ्यायची मला लाज वाटली, मंगळवारी जास्त वाटली, आणि नंतर आठवायचंच नाही असं मी ठरवून टाकलं. त्या दाराबाहेर बसून मला जो संताप आला तो तू खोटं बोललीस म्हणून आला असं मी कालपर्यंत समजत होते. तसं नाहीये. तू आधी जाऊन वाट मोकळी करून दिलीस, आणि मी मुकाट्यानं त्याच वाटेनं गेले, त्याचा आहे तो. उद्या मी दहाच्या आधी पोचते आहे, फाइल घेऊन आणि लेखी जबानी घेऊन, आणि जे सांगायचं ते समितीला नाही, आधी त्या आईला सांगणार आहे. माझी नोकरी बहुधा जाईल. तुझ्या सत्काराचं काय होईल ते तूच बघ. तू आलीस तर तुझं तू सांग, मी मधे एक शब्द बोलणार नाही. नाही आलीस तर व्हरांड्यातलं तुझं बोलणंही मीच सांगेन. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुझ्या कानावर जाऊ नये एवढ्यासाठी हे पत्र लिहिलं, शिपाईदादा तुझ्याच रस्त्यानं घरी जातात, त्यांच्या हाती देते आहे. ती बाई अर्ध्या दिवसाची रजा काढून येणार आहे. यायचं असलं तर वेळेवर ये, तिला ताटकळत ठेवू नकोस.

अजूनही तुझीच,
धाकटी